लाकडी सांगाड्याचे घर : रचना आणि जतन

पुणे शहरातील विश्रामबाग वाडा पाहावयास येणाऱ्यांची दृष्टी प्रथम दर्शनी भागातील सुरूच्या आकाराच्या कोरीव खांबांवर खिळते. दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बांधविलेल्या या वाड्यात १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा सुरू झाली. येथील कोरीवकाम राजवैभवाचे द्योतक असले, तरी त्यामागील बांधणीचे तत्त्व पुणे परिसरातील शेतकऱ्याच्या जुन्या घरातही आढळते. वाड्यात चौकाभोवती दालने असतात. शेतकऱ्याच्या घरात ओसरी, माजघर, धान्याचा माळा आणि लगत गोठा असतो. सांगाडा मात्र एकाच जातीचा.

या घरांची मोजणी 'खणां'त होते. दोन खांबांमधील अंतर म्हणजे एक खण. जमिनीतील ओल लाकडास लागू नये म्हणून प्रत्येक खांब दगडी तळखड्यावर उभा करतात. खांबाच्या माथ्यावरील कूस वरच्या तुळईच्या भोकात बसते. तुळयांवर कड्या आणि कड्यांवर फळ्या घालून कडीपाट तयार होतो. अशा रीतीने माळ्याचा व छपराचा बराचसा भार तुळयांकडून खांबांवर आणि खांबांवरून जोत्यावर उतरतो. दोन खांबांमधील भिंत बहुधा आडोशापुरती असते. त्यामुळे अशी भिंत पडली तरी घर उभे राहू शकते. खांब खचला तर मात्र धडधाकट दिसणारी भिंतही ते सावरू शकत नाही.

या रचनेची कठोर परीक्षा ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरातील भूकंपाने घेतली. तेथील घरांच्या जाड दगडमातीच्या भिंती कोसळून हजारो लोक मृत्युमुखी पडले. मात्र ज्या घरांत धाब्याचा भार लाकडी खांबांवर होता, त्यांपैकी काही घरांच्या भिंती ढासळल्या तरी सांगाडा उभा राहिल्याचे आढळून आले. लाकडी सांगाडा भार पेलतो. पण त्याभोवतीची जड, सैल भिंत माणसाच्या अंगावर पडू शकते, असा दुहेरी बोध यातून घ्यावयास हवा.

लाकडाचे शत्रू तीन : आग, वाळवी आणि पाणी. शनिवारवाड्यातील लाकडी इमारती १८२८ च्या आगीत भस्मसात झाल्या. आज तेथे तट, दरवाजे व जोती तेवढी उरली आहेत. खेड्यातील घराचा घात मात्र बहुतेक वेळा पाणीच करते. फुटलेल्या कौलातून ठिबकणारे पाणी भिंतीत दडलेले तुळईचे टोक कुजविते, तर अंगणाची पातळी भर घालून उंचावली की तळखडा मातीत गाडला जाऊन खांबाच्या पायास ओल लागते. वरून रंग दिलेला असल्याने ही हानी दिसत नाही. हातोडीने हलके ठोकून पाहिल्यास पोकळ आवाज येतो.

दुरुस्ती करताना माती व चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढविण्याची प्रथा पडली आहे. ती हितावह नाही. चुन्यातून बाहेर पडू शकणारी ओल सिमेंटमागे कोंडली जाते आणि शेजारचे लाकूड कुजते. खांबाचा पाय कुजला असेल, तर प्रथम तुळईस टेकू द्यावा, कुजलेला भाग कापावा आणि तेथे पक्व सागाचा तुकडा कुशल सुताराकडून सांधून घ्यावा. एका खांबासाठी संपूर्ण घर पाडण्याचे कारण नसते.

गावातील अनेक जुनी घरे 'धोकादायक' या एका शब्दावर जमीनदोस्त होतात. काही खरोखरच धोकादायक असतात. तेथे माणसांचा जीव प्रथम. परंतु निर्णयापूर्वी अभियंत्याबरोबर जाणत्या सुतारानेही तळखडे, सांधे व तुळयांची टोके तपासली, तर अनेक घरे वाचू शकतील. ग्रामपंचायत सदस्यांनी पावसाळ्यापूर्वी अशी पाहणी घडवून आणावी आणि शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून गावातील जुन्या घरांचे खण मोजून आराखडे काढून घ्यावेत. पाडलेले घर पुन्हा उभारता येत नाही. त्याची नोंद तरी आपल्या हाती आहे.