अक्षता पडल्या म्हणून नागरिकत्व मिळत नाही

परदेशी नागरिकाशी लग्न ठरलं की हॉल, जेवणाचा बेत, पाहुण्यांची यादी यांवर घरात महिनोन्‌महिने खल होतो. मुलगी तिकडे कोणत्या व्हिसावर जाणार, तिला नोकरी करता येईल का, भारतीय पासपोर्टचं पुढे काय, हे प्रश्न मात्र ‘होईल सगळं नीट’ म्हणून मागे पडतात. व्हिसा, कायम वास्तव्याचा हक्क आणि नागरिकत्व या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्येकीचा अर्ज वेगळा, मुदत वेगळी आणि परिणामही वेगळे. त्यांचा निर्णय दोघांनी लग्नाआधीच घ्यायला हवा, आणि तो ऐकीव माहितीवर तर मुळीच नको.

गैरसमज : अमेरिकन नागरिकाशी लग्न झालं की आपणही अमेरिकन.

वस्तुस्थिती : लग्नाने फक्त अर्जाची वाट मोकळी होते. नागरिक असलेल्या जोडीदाराने आधी आय-१३० हा अर्ज भरायचा. तो मंजूर झाल्यावर व्हिसाची मुलाखत आणि मग ग्रीन कार्ड, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना. अमेरिकेत प्रवेश करताना लग्नाला दोन वर्षं झाली नसतील, तर हे ग्रीन कार्डही सशर्त आणि दोन वर्षांपुरतंच असतं. त्याची मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत, शर्त काढून टाकण्यासाठी दोघांनी मिळून पुन्हा अर्ज करावा लागतो. नागरिकत्वासाठी ग्रीन कार्डावर साधारण पाच वर्षं काढावी लागतात. नागरिक जोडीदाराबरोबर संसार चालू असेल तर तीन.

‘मुलगा अमेरिकेत असतो’ एवढ्याने काहीच कळत नाही. तो नागरिक आहे, ग्रीन कार्डधारक आहे की एच-१बी या तात्पुरत्या कामाच्या व्हिसावर नोकरी करतो, हे स्थळ पाहतानाच विचारावं. नागरिकाच्या पत्नीला वार्षिक कोट्याची रांग नसते, ग्रीन कार्डधारकाच्या पत्नीला असते. एच-१बीवाल्याच्या पत्नीला एच-४ हा त्याच्यावर अवलंबून असलेला व्हिसा मिळतो आणि त्यावर सरसकट नोकरी करता येत नाही. इतर देशांच्या अटी आणखी वेगळ्या. ब्रिटनने ११ एप्रिल २०२४ पासून जोडीदाराच्या नव्या व्हिसासाठी किमान वार्षिक उत्पन्नाची अट २९,००० पौंडांवर नेली.

गैरसमज : लग्नाचा दाखला असला की पुरे.

वस्तुस्थिती : दाखला लागतोच, पण अधिकाऱ्याला संसार खरा आहे का हेही पाहायचं असतं. एकमेकांना भेटायला केलेल्या प्रवासाची तिकिटं, दोन्ही घरच्या माणसांबरोबरचे फोटो, संयुक्त बँक खातं, दोघांच्या नावाचा भाडेकरार, विम्यावरचं वारस म्हणून नाव असे पुरावे तो तपासतो. केवळ व्हिसासाठी केलेलं लग्न हा अमेरिकेत गुन्हा आहे. त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो.

आपल्याकडे हमखास घोळ होतो तो नावाचा. पासपोर्टवर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, लग्नाच्या दाखल्यावर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव, आणि सासरी हौसेने ठेवलेलं पहिलं नाव आणखी निराळंच. मग ही सगळी एकच व्यक्ती आहे, हे सिद्ध करण्यासाठी प्रतिज्ञापत्रं करत बसावं लागतं. लग्नानंतर नाव बदलण्याची कायद्याने सक्ती नाही. बदलायचंच असेल तर सगळ्या कागदांवर एकदम बदला. नाहीतर आहे तेच राहू द्या.

गैरसमज : परदेशी सून भारतात नांदायला आली की भारतीय झाली.

वस्तुस्थिती : नागरिकत्व कायदा, १९५५ नुसार भारतीयाशी लग्न केलेल्या व्यक्तीला नागरिकत्वासाठी नोंदणीचा अर्ज करण्याआधी भारतात सात वर्षांचं वास्तव्य लागतं. सोनिया गांधींचं लग्न १९६८ साली झालं, नागरिकत्व मिळालं ते १९८३ साली. नागरिकत्वाऐवजी ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड काढायचं, तर त्यासाठी विवाहाची नोंदणी झालेली हवी आणि लग्न किमान दोन वर्षं टिकलेलं हवं. हे कार्ड म्हणजे भारतात राहण्याची आणि येण्याजाण्याची आयुष्यभराची मुभा. त्याने मतदानाचा हक्क मिळत नाही. लग्नाच्या नात्याने मिळालेलं कार्ड घटस्फोट झाला की रद्द होऊ शकतं.

आणखी एक गोष्ट आधीच हिशेबात धरावी. विशेष विवाह कायदा, १९५४ खाली नोंदणी पद्धतीने लग्न करायचं तर नोटीस देण्याआधी दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात ३० दिवस वास्तव्य लागतं, आणि नोटिशीनंतर आणखी ३० दिवस थांबावं लागतं. दोन आठवड्यांच्या सुट्टीवर आलेल्या जोडीदाराबरोबर ऐन वेळी नोटीस देऊन हे लग्न उरकता येत नाही.

गैरसमज : तो देश दुहेरी नागरिकत्व देतो, म्हणजे दोन्ही पासपोर्ट ठेवता येतील.

वस्तुस्थिती : जर्मनीने २७ जून २०२४ पासून दुहेरी नागरिकत्व सर्रास मान्य केलं. पण प्रश्न भारताच्या कायद्याचा आहे. स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व त्याच क्षणी संपतं. त्यासाठी वेगळ्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. जुना पासपोर्ट जमा करावा लागतो, आणि तो नंतर प्रवासाला वापरणं हा गुन्हा आहे. पुढे ओसीआय कार्ड काढता येतं, पण त्यावर शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली शेती मात्र ठेवता येते. म्हणून गावाकडे जमीन घ्यायची इच्छा असेल, किंवा इथल्या निवडणुकीत मत देणं मोलाचं वाटत असेल, तर परदेशी नागरिकत्वाची शपथ घेण्याआधी पूर्ण विचार करा. ग्रीन कार्डावर राहून भारतीय पासपोर्ट कायम ठेवणं हाही प्रतिष्ठेचा, कायदेशीर पर्याय आहे.

गैरसमज : आई भारतीय, म्हणजे मूल कुठेही जन्मलं तरी आपोआप भारतीय.

वस्तुस्थिती : ३ डिसेंबर २००४ पासून परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत करावी लागते, आणि त्याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आईवडिलांनी लिहून द्यावं लागतं. त्यामुळे कोणता पासपोर्ट काढायचा, हे बाळ येण्याआधीच ठरलेलं बरं.

गैरसमज : नवऱ्याने टाकलं तर निमूट देश सोडण्याशिवाय मार्ग नाही.

वस्तुस्थिती : या एका समजापायी कितीतरी मुली मार खात, अपमान गिळत राहतात, म्हणून हे प्रत्येक आईबापाने नीट समजून घ्यावं. अमेरिकेत नागरिकाच्या किंवा ग्रीन कार्डधारकाच्या छळ झालेल्या जोडीदाराला, नवऱ्याला कळूही न देता, स्वतःच्या नावाने ग्रीन कार्डाच्या दिशेने अर्ज करता येतो. सशर्त ग्रीन कार्ड असेल तर छळ किंवा घटस्फोट या कारणाने एकटीने शर्त काढून टाकण्याचा अर्ज करता येतो. नवऱ्याने सही केलेली आर्थिक जबाबदारीची हमीसुद्धा घटस्फोटाने आपोआप संपत नाही. एच-४वरच्या मुलीची बाजू मात्र खरोखर दुबळी असते, कारण तिचं तिथलं वास्तव्य नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असतं आणि घटस्फोटाबरोबर ते संपतं. जिला अशा व्हिसावर जायचं आहे, तिचा पासपोर्ट, लग्नाचा दाखला आणि सगळ्या अर्जांच्या प्रती तिच्या स्वतःच्या ताब्यात असाव्यात. एक संच माहेरीही असावा.

नियम बदलत राहतात. तेव्हा अर्ज भरण्याआधी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर ताजी अट वाचा आणि गुंतागुंत असेल तिथे परवानाधारक वकिलालाच विचारा. ओळखीतल्या कुणाचं दहा वर्षांपूर्वी कसं झालं, यावर जाऊ नका. नोकरी, मुलांचा पासपोर्ट, आईवडिलांचं म्हातारपण आणि उद्या वेळ आली तर स्वतःच्या पायावर उभं राहण्याची सोय, या चारही गोष्टी दोघांनी एकमेकांना स्पष्ट विचाराव्यात. असे प्रश्न विचारण्याने जे लग्न मोडेल, ते मोडलेलंच बरं.