यंत्राआधी पॅड पाहा

गुडघा किंवा कंबर धरली की ‘करंटचा शेक’ घ्यायचा, हे आता फिजिओथेरपीच्या दवाखान्यापुरतं राहिलेलं नाही. कातडीवर चिकटवलेल्या पॅडमधून असा करंट देणारं, टेन्स नावाचं खिशात मावणारं यंत्र आज घरबसल्या मागवता येतं. मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ मध्ये मांडलेल्या सिद्धान्ताने या उपचाराला शास्त्रीय पाया दिला. स्पर्श वाहून नेणाऱ्या नसा जाग्या केल्या की वेदनेचा निरोप मज्जारज्जूतच अडतो, असा तो विचार. विकत घेताना लोक यंत्राचे मोड मोजतात, पॅडकडे मात्र कुणी बघत नाही. खरं तर कातडीला इजा होते ती पॅडखाली, आणि बहुतेक वेळा पॅडच्या अवस्थेमुळेच.

करंट किती सोडला याइतकंच तो किती जागेत विभागला गेला याला महत्त्व आहे. ८० मिलिअँपिअरचे, प्रत्येकी २०० मायक्रोसेकंदांचे ठोके सेकंदाला १०० या गतीने सोडले, तर कातडी तापवण्याच्या हिशेबात धरायचा करंट, म्हणजे आरएमएस, साधारण ११ मिलिअँपिअर येतो. ५ बाय ५ सेंटिमीटरचा पॅड नीट चिकटला असेल, तर दर चौरस सेंटिमीटरच्या वाट्याला अर्धा मिलिअँपिअरही येत नाही. तोच पॅड कडांनी सुटून पाचव्या हिश्श्यावर टेकला असेल, तर हा आकडा २ च्या पुढे जातो. आयईसी ६०६०१-२-१० हे या यंत्रांचं आंतरराष्ट्रीय मानक नेमकं इथूनच विशेष काळजी घ्यायला सांगतं. शिवाय पुष्कळ यंत्रं ठरवलेला करंट कायम राखतात. संपर्क कमी झाला की ती व्होल्टेज वाढवून तेवढाच करंट उरलेल्या जागेतून ढकलतात.

संपर्क बिघडतो तो रोजच्या सवयींमुळे. दुखऱ्या जागी आधी बाम किंवा तेल चोळायचं आणि वरून पॅड लावायचा, ही आपल्याकडची नेहमीची रीत. तेलावर पॅडचं जेल धड चिकटत नाही. जागा साबण-पाण्याने धुऊन कोरडी करावी. केस दाट असतील तर कात्रीने कापावेत, पण पॅड लावण्याच्या लगेच आधी वस्तरा फिरवू नये, कारण बारीक चिरांमधून करंट एकवटतो. जेलवर कापसाचे तंतू दिसू लागले, कडा कडक झाल्या, की थेंबभर पाण्याने काही दिवस निभावतं. त्यानंतर पॅड टाकावाच. पॅड महाग पडतात, ही तक्रार रास्त आहे. पण वापर झाल्यावर प्लॅस्टिकच्या कागदावर परत चिकटवून पिशवी बंद ठेवली, तर ते बरेच जास्त टिकतात. एकाचे पॅड दुसऱ्याने वापरू नयेत. पॅड लावताना आणि काढताना यंत्र बंद असावं.

‘बॅटरीवरचं यंत्र, ते काय भाजणार?’ असं कुणी म्हणेल. घरगुती टेन्सने मोठं भाजणं क्वचितच घडतं, हे मान्य. पण बॅटरीचं व्होल्टेज यंत्राच्या आत बरंच वाढवलेलं असतं. शिवाय दवाखान्यातल्या काही उपचारांत एकाच दिशेने वाहणारा करंट वापरतात. त्यात ऋण टोकाखाली अल्क तयार होतो आणि उष्णता न जाणवताही कातडी जळते. जागेचे नियम तर पॅड कितीही नवा असला तरी बदलत नाहीत: गळ्याच्या पुढच्या बाजूला, डोक्यावर, छातीवर आरपार किंवा जखमेवर पॅड लावू नयेत. पेसमेकर असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यंत्राला हातच लावू नये.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांची. पॅड सुटला की एरवी टोचतं, चुरचुरतं आणि माणूस यंत्र बंद करतो. बधिर कातडीला हे कळत नाही. मुंग्या जाणवत नाहीत म्हणून तो माणूस करंट वाढवत जातो, म्हणजे इशाऱ्याचा उलटाच अर्थ लावतो. अशांच्या पायाची संवेदना फिजिओथेरपिस्टने आधी टाचणी आणि कापूस लावून तपासली पाहिजे. जिथे ती नाही तिथे पॅड लावायचा नाही. घरी यंत्र वापरायचंच असेल, तर शेक संपल्यावर पॅडखालची कातडी घरातल्या दुसऱ्या कुणीतरी उजेडात पाहावी. लाली तासाभरात ओसरली नाही किंवा फोड दिसला, तर पुढचा शेक थांबवून डॉक्टरांना दाखवावं.