बांधकाम व्यवस्थापकाला काय यायला हवे?

एन.सी.ई.आर.टी.ने २०१७ मध्ये आठवीपर्यंतच्या अध्ययन निष्पत्तींची यादी प्रसिद्ध केली. तेव्हापासून हा शब्द शिक्षकांच्या चांगल्या परिचयाचा झाला आहे. पुष्कळांना तो निव्वळ कागदकामाचा वाटतो. उद्दिष्ट आणि निष्पत्ती यांत फरक तो काय, असा प्रश्नही विचारला जातो. तो फरक आपण शाळेपासून जरा दूरच्या विषयात पाहू. हा विषय म्हणजे बांधकाम व्यवस्थापन.

अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत या विषयाचा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम असतो. कोणती तुळई किती जाडीची हवी, हे संरचना अभियंता ठरवतो. ती इमारत ठरल्या पैशांत, ठरल्या मुदतीत आणि कोणाला इजा न होता उभी करणे हे व्यवस्थापकाचे काम. 'सक्षम व्यवस्थापक घडवणे' हे झाले उद्दिष्ट. त्याला कोणाचीच हरकत नसते, आणि ते साधले की नाही हे त्यावरून तपासताही येत नाही. निष्पत्ती मात्र क्रियापदापासून सुरू होते : विद्यार्थ्याला काय करता येईल?

अशा अभ्यासक्रमांना मान्यता देणारी 'अमेरिकन कौन्सिल फॉर कन्स्ट्रक्शन एज्युकेशन' ही संस्था १९७४ मध्ये स्थापन झाली. तिने आखलेल्या निष्पत्तींच्या यादीत क्रियापदे ब्लूम यांच्या शिडीवरून निवडलेली होती. बी.एड.ला आपण सर्वांनी पाठ केलेली हीच ती शिडी. (२००१ च्या सुधारित रूपात तिच्या पायऱ्या स्मरण, आकलन, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन आणि निर्मिती अशा आहेत.) खर्चाचा अंदाज, कामाचे वेळापत्रक आणि सुरक्षा योजना यांची विद्यार्थ्याने 'निर्मिती' करावी, म्हणजे सर्वांत वरची पायरी गाठावी, अशी अपेक्षा होती. संरचनेच्या वर्तनाची मूलतत्त्वे मात्र त्याला नुसती 'समजावीत', एवढेच.

वेळापत्रकाची निर्मिती म्हणजे काय, ते पाहू. पाया १० दिवस, भिंती १८ दिवस, छत १२ दिवस; ही कामे एकामागून एकच होऊ शकतात, म्हणून एकूण ४० दिवस. दारे-खिडक्या सुताराकडे २५ दिवसांत तयार होतात, आणि त्या छतानंतर बसवायच्या आहेत. सुताराने १० दिवस उशीर केला तरी काही बिघडत नाही, कारण त्याच्याजवळ १५ दिवसांची सवड आहे. भिंतींना ३ दिवस उशीर झाला, तर सगळेच काम ३ दिवस पुढे जाते. ज्या कामांना सवड नाही त्यांच्या साखळीला 'क्रिटिकल पाथ' म्हणतात. ही पद्धत १९५७ च्या सुमारास ड्युपॉन्ट या रसायन कंपनीच्या कामांसाठी विकसित झाली. पाचवीच्या बेरजेपलीकडचे गणित यात नाही. अवघड आहे ते कोणते काम कोणावर अवलंबून आहे हे ओळखणे.

आता त्या 'समजावीत' या शब्दाकडे वळू. तो दिसतो तितका सौम्य नाही.

मिसुरी राज्यातील कॅन्सस सिटी येथे हयात रीजन्सी हॉटेलच्या दालनात छतापासून पोलादी सळयांनी टांगलेले पादचारी पूल होते. चौथ्या मजल्याच्या पातळीवरील पुलाच्या बरोबर खाली दुसऱ्या मजल्याचा पूल होता. १७ जुलै १९८१ रोजी, खाली नृत्याचा कार्यक्रम चालू असताना, हे दोन्ही पूल कोसळले आणि ११४ माणसे मृत्युमुखी पडली.

मूळ आराखड्यात एकच लांब सळई दोन्ही पुलांतून जात होती, आणि प्रत्येक पूल आपापल्या नटावर टेकलेला होता. पण वरचा नट जागेवर न्यायचा, तर सळईवर लांबवर आटे पाडावे लागले असते. सोय म्हणून एकीच्या दोन सळया झाल्या : पहिली छतापासून वरच्या पुलापर्यंत, दुसरी वरच्या पुलाच्या तुळईपासून खालच्या पुलापर्यंत. कागदावर फरक क्षुल्लक वाटतो. पण एकाच दोराला दोन मुले लोंबकळत आहेत अशी कल्पना करा. प्रत्येकाच्या हातावर स्वतःचेच वजन असते. आता खालच्या मुलाने दोर सोडून वरच्याचे पाय धरले, तर दोरावरचा ताण तेवढाच राहतो; वरच्याच्या हातांवर मात्र दोघांचे वजन येते. (वर्गात मुलांऐवजी पिशव्या टांगाव्यात, हे सांगायला नकोच.) तसेच वरच्या पुलाच्या नटावरचा भार दुप्पट झाला, आणि तो नट तुळई फाडून आरपार गेला.

सरकारी चौकशीत असेही दिसले, की मूळ जोडणीदेखील नियमांना अपेक्षित बळाच्या सुमारे ६० टक्केच बळाची होती. म्हणजे दोष केवळ बदलाचा नव्हता. जबाबदार अभियंत्यांना त्या राज्यातील आपले परवाने गमवावे लागले. त्यांच्याच कार्यालयाच्या मंजुरीचा शिक्का बदललेल्या नकाशांवर होता.

तुळईचे गणित करणे हे व्यवस्थापकाचे काम नाही, हे खरेच. पण सोयीसाठी सुचवलेले असले बदल त्याच्याच टेबलावरून जातात. तेव्हा 'समजणे' ही निष्पत्ती व्याख्या विचारून तपासता येणार नाही, असे आम्हाला वाटते. दोन्ही आकृत्या शेजारी-शेजारी ठेवाव्यात, आकडा एकही देऊ नये, आणि विचारावे : कोणत्या नटावरचा भार बदलला, आणि काम पुढे नेण्यापूर्वी तुम्ही ते लेखी कोणाला कळवाल?