ओंडके वाहणारी कमान आणि तिला लागणारे भंगार

झाड पाडण्याच्या कामाला काही मिनिटे पुरतात, पण पाडलेल्या झाडाचा ओंडका जंगलातून रस्त्यापर्यंत आणणे हे बहुधा दिवसभराचे काम असते. चार मीटर लांब आणि ४० सेंटिमीटर व्यासाच्या ओंडक्याचे घनफळ सुमारे अर्धा घनमीटर भरते, आणि नुकत्याच तोडलेल्या ओल्या ओक लाकडाचे वजन घनमीटरला जवळपास १,००० किलो असल्यामुळे असा एकच ओंडका ५०० किलोंच्या घरात जातो. तो साखळीने बांधून जमिनीवरून फरफटत नेला, तर घर्षणावर मात करण्यासाठीच वजनाच्या निम्म्याइतका जोर लावावा लागतो, आणि पुढचे टोक मातीत रुतले किंवा एखाद्या मुळाशी अडले की तो जोरही अपुरा पडतो. अमेरिका आणि कॅनडा येथील लहान वनमालक या अडचणीवर जे साधन स्वतःच्या हाताने बनवतात, ते म्हणजे दोन चाकांवर उभी असलेली पोलादी कमान.

या साधनाची रचना समजायला सोपी आहे. एरवी गाडीची दोन चाके एका सरळ ॲक्सलने, म्हणजे बैलगाडीच्या भाषेत कण्याने, जोडलेली असतात. येथे मात्र कण्याचा मधला भाग काढून त्या जागी उलट्या ‘यू’ अक्षरासारखी कमान बसवलेली असते, त्यामुळे दोन चाकांच्या मधली जागा मोकळी राहते. कमान ओंडक्यावर आडवी उभी करायची, ओंडक्याचे पुढचे टोक साखळीने कमानीच्या माथ्याला टांगायचे आणि पुढच्या लांब दांड्याला धरून किंवा तो वाहनाला जोडून ओढत न्यायचे, एवढेच तिचे काम असते. मागचे टोक जमिनीवर घासतच राहते, आणि हे प्रथमदर्शनी अर्धवट वाटणारे वैशिष्ट्यच या साधनाचे मोठे बळ आहे.

पुढचे टोक उचलले की ओंडक्याचे निम्मे वजन चाकांवर येते. चाकांचा विरोध बऱ्यापैकी टणक जमिनीवर वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाहून अधिक नसतो, म्हणून ५०० किलोंच्या त्या ओंडक्याला २५० ऐवजी सुमारे १५० किलोंचा जोर पुरतो. साखळी अगदी टोकाला न बांधता पुढून एक तृतीयांश लांबीवर बांधली, तर तीन चतुर्थांश वजन चाकांवर जाते आणि लागणारा जोर १०० किलोंच्या आसपास उतरतो. आकड्यांत दिसणाऱ्या या बचतीपेक्षाही महत्त्वाची गोष्ट ही, की पुढचे टोक नांगराच्या फाळासारखे जमिनीत घुसणे बंद होते. फरफटलेल्या ओंडक्यामुळे उतारावर जी चर पडते, तिच्यातून पुढच्या पावसाळ्यात पाणी धावते आणि वरची सुपीक माती घेऊन जाते. शिवाय सालीत दडलेली वाळू आणि खडे आरागिरणीत करवतीच्या पात्याची धार बघता बघता बोथट करतात. ज्याला स्वतःच लाकूड चिरायचे आहे, त्याच्या दृष्टीने हा दुसरा तोटा पहिल्याइतकाच खरा असतो.

ही कल्पना मुळीच नवी नाही. अमेरिकेतील मिशिगन राज्यात मॅनिस्टी या गावी सायलस ओव्हरपॅक नावाचा गाड्या बनवणारा कारागीर १८७० च्या दशकात तीन मीटरच्या आसपास उंचीची लाकडी चाके तयार करू लागला. घोड्यांनी ओढल्या जाणाऱ्या या महाकाय चाकांच्या कण्याखाली पाइन वृक्षांचे ओंडके टांगले जात. त्याआधी त्या प्रदेशातील लाकूडतोड मुख्यतः हिवाळ्यावर अवलंबून असे, कारण अवजड ओंडके बर्फाच्या रस्त्यावरून घसरगाडीवरच हलवता येत; उंच चाकांमुळे बर्फ नसलेल्या ऋतूतही काम चालू ठेवणे शक्य झाले. मिशिगनमधील हार्टविक पाइन्स येथील संग्रहालयात अशी चाके आजही पाहायला मिळतात. पुढे १९३० च्या दशकात पट्ट्यांवर चालणाऱ्या ट्रॅक्टरांमागे पोलादी कमानी जोडल्या जाऊ लागल्या, आणि नंतरच्या रबरी चाकांच्या ओंडका-ओढ्या यंत्रांत तर कमान यंत्राचाच भाग बनली. महाराष्ट्रात हेच ओझे जनावरांनी वाहिले. गडचिरोलीतील सागाचे ओंडके हलवण्यासाठी वनखाते हत्ती वापरत असे, आणि कमलापूरचा हत्तीकॅम्प त्या काळाची साक्ष देतो.

मोठी यंत्रे आली तरी लहान कमानीची गरज संपली नाही, उलट वाढली. अमेरिकेतील जंगलांचा एक तृतीयांशाहून अधिक भाग कुटुंबांच्या खासगी मालकीचा आहे, आणि १९८० च्या दशकापासून गाडीमागे ओढून नेता येणाऱ्या छोट्या पट्टा-करवतींचा प्रसार झाल्यामुळे वादळात पडलेले एखाददुसरे झाड घरीच चिरणे अशा मालकांना परवडू लागले. वर्षाकाठी मोजके ओंडके हलवणाऱ्याला लाखो रुपयांच्या यंत्राचा उपयोग नसतो; त्याला हवे असते ते कोठारात पडलेल्या जुन्या सामानातून उभे राहणारे आणि चारचाकी मोटारसायकलने किंवा बागेच्या ट्रॅक्टरने ओढता येणारे साधन.

भंगारातून पहिली निवड करावी लागते ती चाकांची आणि ॲक्सलची. ज्या मोटारींची पुढची चाके इंजिनाने फिरतात, त्यांची मागची चाके नुसती घरंगळतात. तेथे इंजिनाची गती वाहून नेणारे दांडे किंवा दंतचक्रे नसतात, चाक ज्यावर फिरते ती छोटी पोलादी खुंटी, म्हणजे स्पिंडल, आणि तिच्यावरचा बेअरिंगसह हब एवढेच असते. अनेक गाड्यांत हा सगळा संच बोल्टांनी बसवलेला असल्यामुळे तो अख्खा उतरवता येतो. मोटारीच्या प्रत्येक चाकावर एरवीच ३०० ते ४०० किलोंचा भार असतो आणि तोही वेगात, खड्ड्यांतून; चालत्या माणसाच्या गतीने जाणाऱ्या कमानीला एवढे बळ पुरून उरते. टायर गुळगुळीत झालेले असले तरी चालतात, मात्र चाकाचा व्यास मोठा असेल तितका बरा, कारण मोठे चाक बुंधे आणि दगड सहज ओलांडते.

कमानीच्या दोन पायांमधील मोकळी रुंदी सर्वांत जाड ओंडक्यावरून ठरते. ६० सेंटिमीटरचा ओंडका अपेक्षित असेल, तर दोन्ही बाजूंना थोडी जागा सोडून ९० सेंटिमीटर रुंदी ठेवणे योग्य. सांगाडा साधारण ७५ मिलिमीटरच्या चौकोनी पोलादी नळीचा, सहा मिलिमीटर जाडीचा असला की या आकाराच्या ओंडक्यांना पुरेसा मजबूत होतो. भार माथ्याच्या मध्यावर येतो आणि त्याच्या दाबाने पाय बाहेर फाकू पाहतात, म्हणून वरच्या दोन्ही कोपऱ्यांत त्रिकोणी पोलादी पट्ट्या जोडणे अत्यावश्यक ठरते.

या कामातील सर्वांत नाजूक बाब म्हणजे दोन्ही स्पिंडल एका रेषेत ठेवणे. वेल्डिंगचा सांधा थंड होताना आकसतो आणि सोबतचे पोलाद ओढून घेतो. त्यामुळे दोन पायांना दोन स्पिंडल वेगवेगळे जोडले, तर चाकांची तोंडे किंचित आत किंवा बाहेर वळतात आणि कमान ओढताना टायर जमिनीवर घासत राहतात. जाणते कारागीर यावर एक सुंदर उपाय करतात. ते जुना ॲक्सल आधी कापतच नाहीत, किंवा सुटे स्पिंडल एका जाड सरळ नळीच्या दोन टोकांना तात्पुरते टाके मारून पक्के करतात, त्यावर संपूर्ण कमान उभारतात, सगळे सांधे पूर्ण करून थंड होऊ देतात, आणि अगदी शेवटी मधला सरळ भाग कापून काढतात. तोवर त्या सरळ भागाने दोन्ही चाकांना एका रेषेत धरून ठेवलेले असते.

उचलण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत दांडाच तरफेचे काम करतो. दांडा वर उभा केला की कमान मागे कलंडते आणि तिचा आकडा ओंडक्याजवळ खाली येतो. साखळी अडकवून दांड्याच्या टोकाला बांधलेल्या दोराने दांडा खाली ओढला, की चाकांच्या आसाभोवती कमान उभी होते आणि ओंडक्याचे टोक वर येते. आसापासून आकडा ४५ सेंटिमीटर आणि दांड्याचे टोक २.७ मीटर अंतरावर असेल, तर सहापट फायदा मिळून २५० किलोंचा भार सुमारे ४२ किलोंच्या ओढीने उचलला जातो. ओढ सुरुवातीला सर्वाधिक लागते आणि कमान सरळ होत जाते तशी कमी होते. यात धोका असतो तो दांडा मध्येच हातातून सुटण्याचा, कारण मग तो वेगाने वर उसळतो आणि वाटेत असलेल्या माणसाच्या हनुवटीवर आदळू शकतो. दुसऱ्या पद्धतीत माथ्यावर हाताने फिरवायची विंच बसवतात, जिच्यात दातेरी चाकांमुळे दोर हळूहळू गुंडाळला जातो. तिला भार आपोआप रोखणारा ब्रेक असलेला बरा, नाहीतर खिट्टी निसटताच हँडल गरगर फिरून मनगट मोडते.

जुने सामान कुठे वापरावे आणि कुठे वापरू नये, याचे तारतम्य या उद्योगात सर्वाधिक मोलाचे आहे. सांगाडा, चाके आणि दांडा भंगारातून घेता येतात, कारण त्यांतील दोष डोळ्यांना दिसतो आणि जास्त जाडीचे पोलाद वापरून उणीव भरता येते. साखळी, आकडा आणि विंचचा दोर मात्र नवे आणि ओळखीच्या प्रतीचेच हवेत. उत्तर अमेरिकेत मिळणाऱ्या चांगल्या साखळीच्या कड्यांवर प्रतीचा अंक ठसवलेला असतो. ७० प्रतीच्या सुमारे १० मिलिमीटर जाड साखळीवर तीन टनांपर्यंतचा भार सुरक्षित मानला जातो, तर अंक नसलेल्या गंजक्या साखळीबद्दल काहीच सांगता येत नाही. तोंड फाकलेला आकडा तर ठोकून सरळ करण्याऐवजी टाकूनच द्यावा. जस्ताचा मुलामा असलेली पाण्याची नळी वेल्ड करताना निघणारा धूर ताप आणतो, म्हणून सांध्याजवळचा मुलामा आधी घासून काढावा आणि काम मोकळ्या हवेत करावे. मोटारीच्या पाट्याच्या स्प्रिंगा दिसायला कितीही भक्कम असल्या, तरी त्यांचे पाणी दिलेले पोलाद सांध्यालगत ठिसूळ होऊन तडकते.

तयार कमानीची खरी कसोटी उतारावर लागते. दोन्ही टोके हवेत टांगली, तर सपाटीवर ओढणे फार हलके होते, पण उतारावर ५०० किलोंचा ओंडका पुढच्या वाहनाला ढकलू लागतो आणि लहान वाहनाचे ब्रेक त्याला पुरे पडत नाहीत. मागचे टोक जमिनीवर घासत असले की तेच ब्रेकचे काम करते, म्हणून उताराच्या वाटेवर अनुभवी माणसे साखळी मुद्दाम पुढच्या टोकाजवळ सरकवतात आणि घर्षण वाढवून घेतात. आडव्या उतारावर ओंडका जमिनीपासून वीतभरच उचलावा, कारण तो जितका उंच टांगला जाईल तितकी कमान कलंडण्याची शक्यता वाढते. आणि कमान चालू असताना माणसाने तिच्या खालच्या बाजूला कधीही चालू नये.