विधान उलटविताना

‘सर्व मुलुंडकर मुंबई उपनगर जिल्ह्याचे रहिवासी आहेत’ हे विधान सत्य आहे. पण ते उलटवून ‘जिल्ह्याचे सर्व रहिवासी मुलुंडकर आहेत’ असे म्हटले, तर अंधेरी-बोरिवलीकर हसतील.

उद्देश्य आणि विधेय यांच्या अशा अदलाबदलीस तर्कशास्त्रात ‘परिवर्तन’ म्हणतात. अ‍ॅरिस्टॉटलने त्याचे नियम मांडले. कसोटी अशी, की जे पद मूळ विधानात संपूर्ण वर्गाविषयी बोलत नाही, ते निष्कर्षातही तसे बोलू शकत नाही. म्हणून वरील विधानातून ‘जिल्ह्याचे काही रहिवासी मुलुंडकर आहेत’ एवढेच निघते. ‘एकही अंधेरीकर मुलुंडकर नाही’ हे मात्र सरळ उलटते. ‘काही घाटकोपरकर शिक्षक आहेत’ हेही. ‘जिल्ह्याचे काही रहिवासी मुलुंडकर नाहीत’ याचे परिवर्तन होतच नाही. उलटविल्यास ‘काही मुलुंडकर जिल्ह्याचे रहिवासी नाहीत’ असे असत्य हाती येते.

हा विषय केवळ अकरावी-बारावीच्या पाठ्यपुस्तकापुरता नाही. सर्व मतदार नागरिक असतात. म्हणून सर्व नागरिक मतदार ठरत नाहीत. वयाची 18 वर्षे पूर्ण हवीत आणि मतदारयादीत नावही हवे. हा भेद मतदान केंद्रावर उमगला, तर फार उशीर झालेला असतो.