दौलताबादच्या पार्किंगमध्ये उभी असलेली आपली गाडी : डिकीची राखण कशी करावी?

१४ जानेवारीला नामविस्तार दिनासाठी विद्यापीठ गेटवर आलेले किंवा अशोक विजयादशमीला औरंगाबाद लेणीच्या पायथ्याशी वंदनेला आलेले उपासक-उपासिका पुढे वेरूळच्या लेण्यांकडे निघतात, आणि वाटेत दौलताबादचा किल्ला लागतो. गाडी खाली लावायची, सगळ्यांनी वर चढायचे. अंधारी, खंदक, वरची बारादरी असे पाहून खाली यायला दोन-तीन तास सहज जातात. चालक चहाला जातो किंवा सीटवर आडवा होतो. गाडीच्या बाहेरच्या कप्प्यांकडे, म्हणजे डिकी, बॅटरी बॉक्स, हत्यारांची पेटी, डिझेल टाकीचे झाकण आणि स्टेपनीकडे, त्या वेळात कोणाचेच लक्ष नसते.

आपल्या गाडीच्या डिकीत असते काय? ग्रंथविक्रीची खोकी, ध्वनिक्षेपक, पंचशील ध्वज, भोजनदानाची भांडी, गावाकडच्या मायमाउल्यांच्या पिशव्या. यातले बहुतेक सामान वर्गणीतून आलेले असते. एक साउंड बॉक्स गेला तर तो पुन्हा घ्यायला वस्तीतल्या घराघरांत पुन्हा हात पसरावा लागतो. म्हणून हा विषय किरकोळ समजू नये.

याच रस्त्याने १९३४ साली बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळला निघाले होते. रमजानचा महिना होता. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या मंडळींनी किल्ल्याबाहेरच्या हौदावर हातपाय धुतले आणि हौद बाटवला म्हणून जमाव अंगावर आला. शेवटी किल्ला पाहू दिला, पण आत कुठे पाण्याला स्पर्श करू नये यासाठी सोबत हत्यारबंद शिपाई देऊन. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये त्यांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. आज आपली पोरे त्याच दारात गाडी लावून निर्धास्त वर जातात, याचे मोल आम्हाला कळते. निर्धास्त जावेच, फक्त डिकी नीट बंद करून जावे.

आता मुद्द्याकडे. डिकीला कंपनीचे कुलूप आहे, एवढ्यावर लोक विसंबतात. प्रत्यक्षात बस आणि टेम्पो ट्रॅव्हलरच्या अनेक डिक्यांना चौकोनी किंवा तिकोनी खाचेचे कुलूप असते. त्याची चावी एका गाडीची दुसरीला लागते आणि हार्डवेअरच्या दुकानात मिळते. असे कुलूप दार चालत्या गाडीत उघडू नये म्हणून असते, चोराला अडवण्यासाठी नव्हे. हा प्रकार आपल्याकडचाच नाही. अमेरिकेत घरासारख्या राहण्याच्या गाड्यांच्या बाहेरच्या कप्प्यांना कित्येक वर्षे ‘सीएच ७५१’ याच एका क्रमांकाची चावी सर्रास बसवली जात होती. ज्याच्याकडे स्वतःची गाडी, त्याच्याकडे शेजाऱ्याच्याही डिकीची चावी! महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आहे. उद्या आपल्यातल्या कोणी अशी गाडी घेतली, तर तिला पाण्याची टाकी, गॅस, सांडपाणी, विजेची जोडणी अशी बाहेरची दारे आणखी जास्त असतील. ती घेताना कुलपे आधी पाहावीत.

गाडी स्वतःची असेल, विहाराची असेल किंवा ग्रंथविक्रीची व्हॅन असेल, तर फॅब्रिकेशनवाल्याकडून अर्ध्या दिवसात काम होते. प्रत्येक दाराला जाड पट्टीचा कडी-कोयंडा लावून घ्यावा. तो स्क्रूने बसवू नये, बाहेरून दिसणारा स्क्रू पेचकसाने निघतो. बाहेर गुळगुळीत गोल डोक्याचा बोल्ट आणि आत नट, अशी रचना हवी. डिकीचा पत्रा पातळ असतो, म्हणून नटाच्या मागे लोखंडी पट्टी द्यावी, नाहीतर पहार घातली की कोयंडा पत्र्यासकट बाहेर येतो. दुकानाच्या शटरला लावतात ते गोल, बुटके कुलूप येथे उत्तम, कारण त्याची कडी बाहेर फारशी दिसत नाही आणि कापायला जागा मिळत नाही. बिजागऱ्या बाहेरून असतील तर त्यांची पिन दोन्ही टोकांना वेल्डिंग करून घ्यावी. कुलूप कितीही भारी असो, पिन ठोकून काढली की दार मागच्या बाजूने उघडते. हे अनेकांच्या लक्षातच येत नाही.

बॅटरीवर आडवी पट्टी टाकून तिला कुलूप लावावे. डिझेल टाकीला चावीचे झाकण बसवावे. दाराला चुंबकाचा छोटा स्विच आणि बारा व्होल्टचा भोंगा लावणे ऑटो इलेक्ट्रिशियनला अवघड नाही. फक्त त्याला सांगावे की दार बंद असताना सर्किट जोडलेले राहिले पाहिजे, म्हणजे कोणी वायर कापली तरी भोंगा वाजेल.

भाड्याच्या गाडीला भोक पाडता येत नाही. तिथे ठरवतानाच डिकी उघडून पाहावी, मालकाशी बोलावे, किमती सामान आत सीटखाली घ्यावे आणि गाडी लावताना डिकीची बाजू भिंतीला किंवा दुसऱ्या गाडीला लागून ठेवावी. आळीपाळीने दोघे खाली थांबले तर सगळ्यात बरे. किल्ला त्यांना पुढच्या खेपेला पाहता येईल.

चोरीइतकाच, कदाचित जास्त, विचार छेडछाडीचा करावा. सामान कमी झालेले कळते, वाढलेले कळत नाही. कार्यक्रमाला निघालेल्या गाडीत नाक्यावर आपली नसलेली वस्तू सापडली तर उत्तर कोणी द्यायचे? यावर उपाय अगदी स्वस्त आहे. टँकरच्या झाकणाला लावतात तसे क्रमांक छापलेले प्लास्टिकचे सील मिळते. एकदा ओढले की कापल्याशिवाय निघत नाही. ते कुलपाचे काम करत नाही, पण दार उघडले गेले होते का हे सांगते. निघताना प्रत्येक दाराचा सील क्रमांक वहीत लिहावा, दोघांनी सही करावी, मोबाइलवर फोटो काढावा. पुढच्या थांब्यावर सील तुटलेले किंवा क्रमांक वेगळा दिसला तर हात न लावता व्हिडिओ सुरू करावा, ११२ ला फोन करावा आणि मगच दार उघडावे.

सील लावण्याआधी सामानाची यादी मात्र वस्तू पाहून करावी, पोत्यावरच्या नावावरून नाही. १२९६ साली अलाउद्दीनाने देवगिरीला वेढा घातला तेव्हा घाईत गडावर चढवलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघाले आणि यादवांना शरण जावे लागले, असे सांगितले जाते.

दोन ठिकाणी कुलूप लावू नये. एक म्हणजे संकटकालीन दार आणि खिडकी. १ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ बस दाराच्या बाजूवर उलटून पेटली, २५ जणांचा जीव गेला. चोराच्या भीतीने साखळी घातलेले संकटकालीन दार आम्हाला कोणत्याही गाडीत चालणार नाही. दुसरे म्हणजे सिलिंडर ठेवलेली बंद डिकी. प्रवासी गाडीत सिलिंडर नेऊच नये. राहण्याच्या गाडीत त्याचा कप्पा वेगळा असतो. त्याला कुलूप चालेल, पण तळाला जाळी हवी, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो.

एवढे करूनही चोरी झालीच तर ठाण्यात कोणते कलम लागते याला फार महत्त्व आहे. भारतीय न्याय संहितेत ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीची साधी चोरी अदखलपात्र आहे, आणि पुस्तकांच्या दोन खोक्यांना ‘एवढ्याशा गोष्टीची’ म्हणून एनसी दिली जाते. पण प्रवासी किंवा मालवाहू वाहनातून वस्तू चोरणे हा कलम ३०५ चा वेगळा, दखलपात्र गुन्हा आहे. त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. अर्जात गाडीचा क्रमांक, ती प्रवासी वाहतुकीची असल्याचे आणि सामान डिकीतून गेल्याचे स्पष्ट लिहावे. चोरी दौलताबादला झाली आणि कळली नाशिकला, तरी परत यायची गरज नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार कोणत्याही ठाण्याने हद्द न पाहता तक्रार नोंदवायची आहे. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्यावी. नोंद नाकारली तर तोच मजकूर टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवावा आणि पोचपावती जपून ठेवावी.

विम्याच्या भरवशावर राहू नये. थर्ड पार्टी विम्यात चोरी येत नाही, आणि गाडीच्या पूर्ण विम्यातही वेगळे कलम घेतल्याशिवाय प्रवाशांचे सामान धरत नाहीत. पुढच्या सहलीची गाडी ठरवताना सीलचे पाकीट आणि दोन शटरची कुलपे वर्गणीच्या हिशेबातच धरा.