ग्लास भावंडांची श्रोती

जे. डी. सॅलिंजर यांचे ‘फ्रॅनी अँड झूई’ (१९६१) हे पुस्तक ‘न्यूयॉर्कर’मध्ये १९५५ आणि १९५७ साली आलेल्या दोन कथांचे. त्याला कादंबरी म्हणावे की नाही, हा वाद मी बाजूला ठेवतो; वाचकाला एका घरात कोंडून ठेवण्याचे काम ते कादंबरीसारखेच करते. हे घर न्यूयॉर्कमधल्या ग्लास कुटुंबाचे. आईवडील एके काळचे व्होडव्हिलचे कलावंत. मुले सात, आणि सातही जण लहानपणी ‘इट्स अ वाइज चाइल्ड’ या रेडिओवरच्या प्रश्नोत्तरांच्या कार्यक्रमात चमकलेली. १९२७ ते १९४३ या काळात घरातले एखादे तरी मूल त्यात बहुधा असेच. वडिलांनी दिवाणखान्याची भिंत मुलांच्या फोटोंनी आणि मानपत्रांनी भरून टाकली आहे.

थोरला सीमूर १९४८ मध्ये स्वतःवर गोळी झाडून घेतो. घराची जखम तिथून सुरू होते असे सहज वाटते. मला ती त्याच्या आधीची दिसते. सीमूर आणि बडी या थोरल्या भावांनी शाळेच्या विद्येआधी बुद्ध, लाओत्से, शंकराचार्य, रामकृष्ण हे सारे धाकट्या झूई-फ्रॅनीच्या पदरात घातले. प्रेमानेच. पण रेडिओने या मुलांना लोकांसमोर बोलायला शिकवले आणि भावांनी त्या बोलण्याची लाज बाळगायला. पंचविशीतला झूई अजून त्याबद्दल धुमसतो आहे.

वीस वर्षांची फ्रॅनी नाटकात काम करणे सोडते. सगळ्यांचा, त्यातही स्वतःचा, अहंकार तिला सोसवत नाही. एका रशियन यात्रेकरूच्या पुस्तकातला येशूचा जप करत ती घरी कोचावर पडून राहते. आपल्याला हे नामस्मरण परके नाही, आणि त्यावरचा झूईचा आक्षेपही नाही: आई पुन्हा पुन्हा चिकन सूप विचारते आहे, त्यातले पावित्र्य जिला दिसत नाही तिने कसला जप करावा?

उपदेशाने काही साधत नाही, फ्रॅनी आणखीच रडते. मग झूई थोरल्यांच्या जुन्या खोलीत जातो. दारामागे दोघांनी उतरवून ठेवलेली वचने आहेत. त्यांत गीतेतले, कर्मफळाविषयीचेही. सीमूरच्या नावाचा फोन तिथे अजून चालू ठेवलेला आहे. त्यावरून झूई बडीचा आवाज काढून घरातल्या घरात बहिणीला फोन करतो. नाटक सोडलेल्या मुलीला नट असलेल्या भावाने सोंग घेऊनच गाठावे, इथे मला पुस्तकाचे मर्म दिसते. ती सोंग ओळखते, चिडते, पण फोन ठेवत नाही.

मग तो आठवण सांगतो. रेडिओवर बूट कोणाला दिसणार, म्हणून तो तसाच निघाला होता. सीमूर म्हणाला, त्या लठ्ठ बाईसाठी पॉलिश कर. कोण ती बाई, हे त्याने कधी सांगितले नाही. फ्रॅनीलाही त्याने तिच्याचसाठी लोकांना हसवायला सांगितले होते. दोघांनी आपापल्या मनात ती रंगवली, आणि दोघांच्याही बाईला कर्करोग आहे, दोघींचाही रेडिओ दिवसभर चालू आहे. झूई पुढे तिला थेट ख्रिस्त ठरवतो, ते मला जरा जास्त वाटते. सॅलिंजर या भावंडांवर फारच जीव टाकतात, ही जॉन अपडाइक यांची तक्रारही अगदीच खोटी नाही. पण भिंतीवरच्या मानपत्रांत या बाईचे एकही नाही. तिची टाळी स्टुडिओत कधी पोचलीच नसती.

स्वतः सॅलिंजर यांनी १९६५ नंतर काही छापले नाही. लिहिणे मात्र चालू आहे, असे ते १९७४ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या बातमीदाराला म्हणाले, तेही फोनवरच.